आई-बाबांस, टांझानियातल्या अरुशाहून

ती. आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण आईचा आवाज भरून आला की माझा पुढचा शब्द फुटत नाही, म्हणून लिहिते आहे. आईच्या डोळ्यांना ताण नको, दादाकडून वाचून घ्या.

गेल्या गुरुवारी मी इथल्या नोकरीचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला. सही झाली आहे. दिवाळीला कायमची येते म्हणाले होते, तेवढं आता होणार नाही. दिवाळीला मात्र नक्की येणार, चांगली तीन आठवडे. तिकीट काढून ठेवलं आहे.

बाबा, तुम्ही बोलत नाही, पण वादळात बाग आडवी झाल्यापासून सोसायटीच्या कर्जाचं काय चाललंय ते मला माहीत आहे. दादावर रागावू नका, त्याने आपण होऊन काही सांगितलेलं नाही. या दोन वर्षांत तो बोजा उतरतो, मी तीनदा हिशेब करून पाहिला. शिवाय इथे काम चांगलं आहे, वरच्या बाई माझ्यावर विश्वास टाकतात, आणि आता मध्येच सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे सगळं खरं आहे. तरी आईच्या मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यांत थेंब वहिनीने घातले, मी घातले नाहीत, हे मनातून जात नाही.

आई, जेवणाची काळजी करू नकोस. अरुशात गुजराती दुकानं आहेत, तूरडाळ, हिंग, चहा, सगळं मिळतं. इथल्या बाजारातली 'म्चिचा' म्हणजे आपल्या माठासारखीच पालेभाजी. मागच्या रविवारी कोळशाच्या शेगडीवर वांगी भाजून भरीत केलं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्याची चव नाही आली, पण शेजारच्या बाईने दोनदा मागून घेतलं.

बाबा, तुम्ही मागे विचारलं होतं, "तिकडे केळी कशी लावतात?" मला सांगता आलं नव्हतं. म्हणून दोन दिवसांची सुट्टी जोडून म्तो वा म्बू या गावी जाऊन आले. अरुशापासून पश्चिमेला सुमारे १२० किलोमीटर, रस्ता पक्का. आपल्या बागेतून सातपुडा दिसतो ना, तशी गावाच्या मागे एक भिंत उभी आहे, रिफ्ट खोऱ्याचा कडा, सुमारे ६०० मीटर उंच. कड्यावरून झरे उतरतात आणि खाली सगळं हिरवं. १९५० च्या दशकात इथे पाटपाणी आलं, आणि देशभरातून लोक शेतीला येऊन वसले. टांझानियात १२० हून जास्त जमाती आहेत. या एवढ्याशा गावात चग्गा, मसाई, इराकू, माकोंडे सगळे शेजारी राहतात आणि आपसात स्वाहिली बोलतात.

गावाच्या नावाचा अर्थ 'डासांची नदी'. आई, घाबरू नकोस. मच्छरदाणीत झोपले, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घातले, हिवतापाच्या गोळ्या चुकवल्या नाहीत. हिंडले तीसुद्धा दिवसाउजेडी आणि गावातल्याच दोन वाटाड्यांबरोबर, एक तरुण मुलगा आणि एक माझ्या वयाची बाई. या फेरीच्या पैशातला काही भाग गावाच्या कामाला जातो. चार तास पायी फिरलो. मुख्य रस्त्यावर तीनचाकी रिक्षा उभ्या असतात, त्यांना इथे 'बजाजी' म्हणतात, आपल्या बजाजवरून. तो शब्द ऐकला की जळगावच्या स्टेशनाबाहेर उभी असल्यासारखं वाटतं.

केळीच्या बागेत शिरलो तेव्हा तुम्ही बरोबर हवे होतात, बाबा. ओळी नाहीत, ठिबक नाही. केळीतच पपई, मका, मध्येच एखादं आंब्याचं झाड. पाटाचं पाणी पाळीने येतं, आणि पाळीवरून भांडणं इथेही होतात म्हणे. आपण घड निघेपर्यंत बुडाशी फुटणारे मुनवे कापत राहतो, हे तीन ठेवतात. वाटाड्याने एकेका खोडाला हात लावून दाखवलं: ही आई, ही मुलगी, ही नात. आईचा घड उतरवला की तिला कापायचं, मुलगी निसवते, नात वाढत असते. म्हणजे पिलांवर पुढचं पीक घेतो ती आपली पिलबागच, पण वर्षानुवर्षं चाललेली. लाल सालीची केळीही खाल्ली, आतून पिवळसर, आपल्यापेक्षा घट्ट. केळी आंबवून त्यात नाचणी घालून 'म्बेगे' नावाची दारू करतात. मी ती घेतली नाही, बाबा, फक्त पाहिली.

मग त्या मुलाने एक खोड कोयत्याने तिरकं छाटून आतले पदर दाखवले, आणि माझं लक्ष त्याच्या शर्टाकडे गेलं. पोटावर, बाहीवर, काळपट तपकिरी डाग. चिकाचे. आई, तू बाबांचे शेतातले शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायचीस आणि तरी ते डाग कधी गेले नाहीत. मी लहानपणी त्याच शर्टात तोंड खुपसून झोपायचे. मला तिथे उभं राहवेना. बरोबरची बाई काही न विचारता माझा हात धरून उभी राहिली. "पोले," म्हणाली. समोरच्याला त्रास झाला की इथे हाच शब्द म्हणतात.

इथली नाती ऐका. मला सगळे 'दादा' म्हणतात, कारण दादा म्हणजे बहीण. काका म्हणजे भाऊ, बाईला म्हणायचं मामा. बाबा मात्र बाबाच. मोठ्या माणसाला 'शिकामू' म्हणतात, म्हणजे तुमचे पाय धरते, असा अर्थ सांगतात. म्हातारी माणसं 'मराहाबा' म्हणतात. भाताच्या गिरणीपाशी एक मसाई पोरगं माझ्यापुढे येऊन मान खाली घालून उभं राहिलं. मला कळेना. वाटाड्या म्हणाला, डोक्यावर हात ठेवा, मोठ्यांनी ठेवायचा असतो. ठेवला. उन्हाने तापलेलं इवलंसं डोकं.

माकोंडे कारागिरांकडून एक लहान कोरीव काम आणते आहे. एकाच काळ्या लाकडात माणसं एकमेकांच्या खांद्यांवर चढलेली आहेत, त्याला 'उजामा' म्हणतात, म्हणजे कुटुंबपण. देवघराशेजारच्या कोनाड्यात मावेल एवढंच निवडलं.

आता ऐका. बाबा, रात्रीच्या विजेच्या पाळीला मोटर चालू करायला तुम्ही जायचं नाही. गड्याला पाठवा किंवा दादाला. गेलातच तर बूट आणि बॅटरी, चपलेवर नाही. साखर महिन्याला तपासायची आणि आकडा मला सांगायचा, "ठीक आहे" चालणार नाही. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. आई, काळा चष्मा चुलीपुढेही लाव आणि एकादशीला दोघांनी गोळ्या बुडवायच्या नाहीत. मी पाठवते ते पैसे माझ्या लग्नासाठी बाजूला टाकू नका. मी रागावून म्हणत नाही, पण ते तुमच्या औषधांसाठी आणि बागेसाठीच आहेत.

हे पत्र वाचून वाईट वाटलं तर मला सांगा, दादाजवळ सांगू नका. रविवारी रात्री साडेनऊला फोन करते. इथे तेव्हा सात वाजलेले असतात, आणि स्वाहिलीत त्याला रात्रीचा एक म्हणतात, कारण इथे तास सूर्य मावळल्यापासून मोजतात. आधी बाबांनी फोन घ्या. आईशी मग सावकाश बोलेन.

तुमची,
चिमी