डेकवरची माणसं विसरलात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चालत्या युद्धनौकांना भर समुद्रात इंधन पुरवण्याचा सराव आता संगणकावर कसा होतो, हा कालचा लेख वाचला. विषय घेतलात, बरं वाटलं. पण सबंध लेखात कॅप्टन, सुकाणू आणि पडदा. डेकवर दोर ओढणाऱ्या नौसैनिकांबद्दल एक ओळ नाही. माझी सगळी नोकरी त्या डेकवर गेली, म्हणून राग आला.

इंधन देणारा टँकर आणि ते घेणारी फ्रिगेट (युद्धनौका) 30-40 मीटर अंतर राखून, 12-14 नॉट (ताशी सुमारे 22-26 किमी) वेगाने शेजारी शेजारी धावतात. मधल्या चिंचोळ्या पट्टीत पाण्याचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. हे शिकायला सिम्युलेटर उत्तमच. तिथे टक्कर झाली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतं.

पण डेकचं काय? एकदा मान्सूनच्या तोंडावर, अरबी समुद्रात, आम्ही टँकरवरून होज, म्हणजे इंधनाची नळी, ओढून घेत होतो. दोन जहाजांच्या मधे लाट उसळली, अंतर वाढलं आणि ताणलेला दोर तुटून चाबकासारखा मागे आला. माझ्या शेजारच्या पोराचं मनगट मोडलं. पाय दोराच्या वेटोळ्यात नव्हते, म्हणून जीव वाचला. कुठे उभं राहायचं हे त्याला एका जुन्या पेटी ऑफिसरने (नौसैनिकांच्या वरच्या हुद्द्याच्या माणसाने) ओरडून ओरडून शिकवलं होतं. 'इमर्जन्सी ब्रेकअवे'चा, म्हणजे जहाजं तातडीने वेगळी करण्याचा हुकूम ब्रिजवरून, जिथून जहाज चालवतात तिथून, सुटतो. पंप बंद झाला की होज सोडणं, मग होज पेलणारी तार ढिली करणं, हे निसरड्या डेकवरच्या पोरांनीच करायचं असतं.

हिंदुस्थान शिपयार्डला 2023 मध्ये युद्धनौकांना समुद्रात इंधन-रसद पुरवणाऱ्या पाच 'फ्लीट सपोर्ट' जहाजांचं सुमारे 19,000 कोटींचं काम मिळालं. त्या जहाजांवर जाणाऱ्या पोरांसाठी ब्रिज आणि डेक यांचा सराव एकत्र व्हावा. ब्रिजवर सुकाणू जरा चुकलं की तारेवरचा ताण डेकवाल्यांना त्याच क्षणी दिसला पाहिजे. लेखकाने हे कुणाला तरी विचारायला हवं होतं.

आणखी एक. छायाचित्राखाली 'आयएनएस दीपक' छापलंय. जहाजाच्या अंगावर ए 57 स्पष्ट दिसतंय. ती 'शक्ती' आहे; दीपकचा क्रमांक ए 50. दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त नौसैनिक, रत्नागिरी