दहाची वेळ ठाऊक होती, मग पावणेनऊपर्यंत काय केलेत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या गोव्यात एका स्टेडियमवर परदेशी रॉक बँडचा कार्यक्रम झाला. त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. छायाचित्रांत रोषणाई फार देखणी दिसते. मी त्या रोषणाईच्या अगदी समोरच्या टोकाला, दुसऱ्या गोलपोस्टमागच्या स्टँडमध्ये बसलो होतो. तिथून काय दिसले आणि काय ऐकू आले, ते लिहितो. बँडचे आणि संयोजकांचे नाव मुद्दाम घालत नाही. तक्रार त्यांच्याकडे रीतसर पोचलेली आहे. इथे मला फक्त एक हिशेब मांडायचा आहे.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर वाचक म्हणतील, या वयात याला रॉक कशाला हवा. मी डिचोली तालुक्यातला. गेली ३१ वर्षे जत्रेच्या नाटकांना स्पीकर, माईक, मिक्सर (सगळे आवाज जुळवायचे यंत्र) पुरवतो आणि स्वतः मिक्सरवर बसतो. १९८६ साली मी नववीत होतो. आमच्या वाड्यावरचा एकजण जहाजावर कामाला होता, तो सुट्टीवर येताना टू-इन-वन आणि मूठभर कॅसेटी घेऊन आला. त्यांत या बँडची एक होती. इंग्रजी मला तेव्हाही बेताचेच होते, आजही त्यातल्या गाण्यांचे अर्थ अर्धेच कळतात. पण गिटारचा तो आवाज यंत्रातून निघतो तरी कसा, हे कळून घ्यायच्या नादात मी पहिला अँप्लिफायर उघडला. घरच्यांनी तो बंद होईपर्यंत धीर धरला, हे त्यांचे उपकार. त्याच सुमारास कुणीतरी सांगितले की शिवोलीचे गायक रेमो फर्नांडिस यांनी आपली कॅसेट घरातच रेकॉर्ड केली आहे. १९८४ची ती कॅसेट मी मागून आणून ऐकली आणि ठरवले की पोट भरायचे तर याच धंद्यावर. म्हणजे माझ्या मिक्सरमागे हा बँड बसलेला आहे, असे म्हणा.

त्यामुळे भाच्याने मोबाइलवर बातमी दाखवली तेव्हा मी हो म्हणून गेलो. तिकीट साडेचार हजार. त्यावर माणशी अडीचशे बुकिंगचे, आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. दोघांचे मिळून ११,२१० रुपये. शिवाय त्याच दिवशी माझे एका गावचे नाटक ठरलेले होते, ते मदतनिसावर सोपवले. ऐन जत्रांच्या दिवसांत मी सोडलेले हे पहिलेच नाटक. घरात बायको काही बोलली नाही. तिने फक्त तो आकडा एकदा मोठ्याने वाचला.

तिकिटावर वेळ सहाची. आम्ही साडेचारलाच फाटकापाशी. पाण्याची बाटली बाहेर ठेवून घेतली, आत तसलीच बाटली शंभर रुपयांना, तीही मनगटावरच्या पट्टीत आधी पाचशे भरल्याशिवाय मिळायची नाही. यावर जास्त लिहीत नाही. जत्रेच्या फेरीत, म्हणजे तिथल्या बाजारातही, खाजे महाग मिळते आणि आपण घेतोच.

पण दिसणे आणि ऐकू येणे, यांवर लिहायलाच हवे. त्याचेच तर पैसे भरले होते.

आमच्या खुर्च्यांच्या बरोबर समोर, मैदानात, काळे कापड गुंडाळलेला स्पीकरचा टॉवर उभा होता. त्याच्या डावीकडे गायक दिसायचा, उजवीकडे कधीमधी एक गिटारवाला येऊन जायचा. ड्रम वाजवणारा मला त्या रात्री दिसलाच नाही. त्याला मी पडद्यावर पाहिले, आणि पडदा तर घरीही आहे. टॉवर तिथे का होता, हे मला ठाऊक आहे. तो हवाच होता. पण तो कुठे उभा राहणार हे तिकिटे विकण्याआधीच नकाशावर ठरलेले असते. मग त्याच्यामागच्या खुर्च्या साडेचार हजारांना विकताना ‘इथून रंगमंच पूर्ण दिसत नाही’ एवढे चार शब्द छापायला काय जात होते? मी कदाचित तरीही घेतले असते. कमी पैशांत घेतले असते.

आता त्या टॉवरचे काम काय, ते सांगतो. फुटबॉलचे मैदान साधारण १०५ मीटर लांब. स्टेज त्या टोकाला, आम्ही या टोकाला. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास धावतो. ड्रमवर काठी पडल्यानंतर ठोका आमच्यापर्यंत यायला सेकंदाचा तिसरा हिस्सा जाणारच. यात कुणाचाच दोष नाही. म्हणून मध्ये टॉवर उभारून त्यावर स्पीकर टांगतात, आणि त्यांच्याकडे जाणारा आवाज मिक्सरवरून जरासा अडवून सोडतात, म्हणजे स्टेजवरचा आवाज चालत चालत टॉवरपाशी आला की दोघे मिळून पुढे जातात. याला डिले लावणे म्हणतात. आमचा टॉवर स्टेजपासून अंदाजे ७० मीटरवर होता, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्शाचा डिले. आजच्या डिजिटल मिक्सरवर हा आकडा घालायला विडी पेटवण्याइतकाही वेळ लागत नाही.

आमच्याकडे अशी यंत्रे नव्हती तेव्हा मीही ही चूक केलेली आहे. एका गावात लोक मागेपर्यंत बसणार म्हणून मी दोन कर्णे लांबच्या माडावर बांधले. नाटक ऐतिहासिक. माडावरचे महाराज एक वाक्य बोलले की मागे बसलेल्यांना स्टेजवरचे महाराज त्यांची री ओढताना ऐकू यायचे. पहिला अंक संपेपर्यंत मागची मंडळी हसून हसून बेजार. मध्यंतरात मी स्वतः माडावर चढून तारा काढल्या. समितीने बिदागीतले शंभर रुपये कापले, ते बरोबरच केले.

इथे मुख्य बँडच्या पहिल्या चार गाण्यांना आमचा टॉवर मुकाच होता. पलीकडून नुसता घुमारा यायचा आणि तोच मागच्या काँक्रीटवर आपटून पुन्हा कानात शिरायचा. पाचव्या गाण्याला टॉवर जिवंत झाला, पण डिलेशिवाय. गिटार आधी टॉवरमधून, मग स्टेजवरून. गायकाचे प्रत्येक वाक्य दोनदा. मला तो माड आठवला. भाचा म्हणाला, "मामा, इको मस्त दिलाय ना?" काय सांगणार!

मी उठून मिक्सरच्या मांडवाकडे निघालो. मांडव मैदानात, मध्ये कठडा आणि कठड्यापाशी एक विशीतला सुरक्षारक्षक. त्याला म्हटले, आत कुणाला तरी एवढे सांग, उजव्या मागच्या टॉवरला दोनशे मिलिसेकंद घाला. तो म्हणाला, "काका, वॉशरूम त्या बाजूला." मी पुन्हा सांगितले. त्याने माझ्याकडे नीट पाहिले, खिशातून स्वतःची पाण्याची बाटली काढून दिली आणि म्हणाला, बसा थोडा वेळ. त्या पोराबद्दल माझी काहीही तक्रार नाही. अख्ख्या कार्यक्रमात फुकट मिळालेली तेवढीच वस्तू.

पण एकवेळ आवाजाचेही सोडून देईन. माणसाच्या हातून चूक होते, यंत्र दगा देते. मला खरा राग आहे तो वेळेचा, कारण त्यात ना यंत्र होते ना चूक.

सहाचा कार्यक्रम सहा चाळीसला सुरू झाला. आधी आपल्याच गोव्यातली चार मुले वाजवून गेली, अर्धा तास, आणि मनापासून वाजवून गेली. त्यांचा आवाज कुणी धड लावलाही नव्हता. सात दहाला ती उतरली. मग जाहिराती. पडद्यावर मोबाइलची, गाडीची, एका गृहप्रकल्पाची. मग एकजण येऊन ‘गोवा, आवाज येत नाही’ असे ओरडून गेला. मग पुन्हा त्याच जाहिराती. गृहप्रकल्पातल्या तरणतलावात पोहणारे कुटुंब मी अकरा वेळा पाहिले, मोजत होतो. मुख्य बँड स्टेजवर आला आठ सत्तेचाळीसला आणि बरोबर दहाच्या ठोक्याला माईक बंद झाले. गायकाने मनगटाकडे बोट दाखवले, दोन्ही हात जोडले, दिवे लागले. एक तास तेरा मिनिटे. ज्या गाण्यासाठी मी गेलो होतो, त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचे पहिले, ते राहूनच गेले. भाच्याच्या मोबाइलवर याच दौऱ्यातल्या दुसऱ्या शहरांची गाण्यांची यादी होती. तिथे ते शेवटून दुसरे वाजवले होते.

दहाला बंद केले म्हणून मी रागावलेलो नाही, हे ठळक करून सांगतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, पण वर्षाकाठी पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही. स्टेडियमभोवती माणसे राहतात, त्यांत म्हातारी आहेत, परीक्षेची मुले आहेत. नियम हवाच. माझा प्रश्न एवढाच, की दहाला बंद होणार हे संयोजकांना त्या रात्री दहाला कळले का? परवानगीच्या कागदावर ती वेळ होती. मग सात दहापासून आठ सत्तेचाळीसपर्यंतची ९७ मिनिटे कुणाच्या खिशातून गेली?

आमच्या तालुक्यातल्या एका गावाची गोष्ट सांगतो. तिथे जत्रेचे नाटक पूर्वी पालखी देवळात परतल्यावर, मध्यरात्र उलटून सुरू व्हायचे आणि उजाडता संपायचे. मधल्या वेळात सत्कार, देणग्यांची यादी, सरपंचांचे भाषण, हरवलेल्या पोराची घोषणा, पुन्हा देणग्या. कुणाचे काही जात नव्हते. तिकीट नाही, घाई नाही, पोरे गोधडीत झोपलेली. मग दहाच्या नियमावरून कचेऱ्यांत खेपा सुरू झाल्या. दोन वर्षे समितीने अर्ज केले, आरडाओरडा केला, आणि तिसऱ्या वर्षी देवळाच्या पायरीवर बसून ठरवले की पडदा सायंकाळी साडेसहाला उघडायचा. संगीत नाटक तीन अंकी, पदांसकट सव्वातीन तास. मग जागा कुठून काढायची? सत्कार दुसऱ्या दिवशी महाप्रसादाच्या वेळी नेले. देणग्यांची यादी फळ्यावर लिहून टांगली. सरपंचांना दोन मिनिटे दिली. ते रुसले, पण दोन मिनिटांतच बसले. नटांनी पदांवरचे वन्समोअर बंद केले, त्यावरून एक गायक नट अजून माझ्याशी नीट बोलत नाही, कारण मी मिक्सरवरून त्याला घड्याळ दाखवले होते. पावणेदहाला भरतवाक्य, म्हणजे नाटकाचे शेवटचे पद, होते. एकही प्रवेश गाळलेला नसतो.

त्या समितीत दोन शेतकरी आहेत, एक पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ, एक किराणा दुकानदार. कुणी कार्यक्रम-व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम केलेला नाही. त्यांना जमले ते इतके मोठे स्टेज उभारणाऱ्यांना जमू नये? की जाहिरातींचे पैसे आधीच मोजून घेतलेले होते आणि आमचेही, म्हणून गाणी कापणे सगळ्यांत सोपे होते?

बाहेर पडलो तेव्हा गाड्यांची रांग हलत नव्हती, शेवटची बस केव्हाच गेलेली. घरी पोचायला पावणेदोन. मदतनिसाचा निरोप मोबाइलवर आलेला होता: नाटक वेळेत, आवाज चोख, सामान टेंपोत.

दुसऱ्या दिवशी मी संयोजकांना भाच्याकडून इंग्रजीत ईमेल लिहून घेतला. चौथ्या दिवशी उत्तर आले. माझा अभिप्राय त्यांच्यासाठी मोलाचा आहे, आणि कलाकाराने किती वेळ सादर करायचे हे पूर्णपणे कलाकाराच्या मर्जीवर असते, असे त्यात होते. टॉवरबद्दल काही नाही. पट्टीत उरलेल्या १४० रुपयांसाठी एक फॉर्म जोडला होता, तो उघडत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. सिनेमाच्या तिकिटावर खेळाची वेळ असते, कोकण रेल्वेच्या तिकिटावर गाडी सुटायची वेळ असते. मैदानी संगीत कार्यक्रमाच्या तिकिटावर मुख्य कलाकार किती वाजता येणार आणि परवानगी किती वाजेपर्यंत आहे, या दोन वेळा छापाव्यात. खुर्चीसमोर खांब, टॉवर, काहीही येत असेल तर तेही छापावे. परवानगी देणाऱ्या कचेऱ्यांनी अर्जासोबतच हा तिकिटाचा नमुना मागून घ्यावा. आमच्या नाटकाच्या अर्जाला त्या सहा कागद मागतात, एक सातवा इथे मागितला तर टेबलावर जागा होईल.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही जमले तर जिल्हा ग्राहक आयोगापुढे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे अर्जाचे शुल्क पडत नाही, आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. तारखा पडतील, खेपा होतील, असे घरचे म्हणतात. पडू देत. मृगानंतर जत्रा बंद, स्पीकर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर, मला दिवाळीपर्यंत सवड आहे.

आपला,
एक जुना वाचक आणि ध्वनिसंयोजक
डिचोली, गोवा
(नाव प्रसिद्ध करू नये. गायक नट आधीच रागावलेला आहे.)