खानावळीबद्दल आईला

लेस्टर, इंग्लंड,
८ फेब्रुवारी

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न. वि. वि.

आई, फोनवर हा विषय निघाला की तू "थांब, बाबांना देते" म्हणतेस आणि बाबा हवामान विचारतात. हवामान तेच आहे, पाऊस. म्हणून या वेळी पत्र लिहिते आहे. हे बाबांच्या हातात दिलंस तरी ते तुला मोठ्याने वाचूनच दाखवतील.

तर मी खानावळ काढते आहे. दादाने तुला 'छोटंसं केटरिंग' म्हणून सांगितलं ते तुला बरं वाटावं म्हणून. माणसं ठरलेल्या वारी जेवण नेणार, पैसे महिन्याचे देणार, काय शिजवायचं ते मी ठरवणार. याला लालबागेत जे म्हणत होते तेच हे.

"एम.एस्सी. करून भाकऱ्याच बडवायच्या होत्या तर कोल्हापूरला चार वर्षं हॉस्टेलचे पैसे कशाला भरले?" हे तू वहिनीला म्हणालीस. वहिनीने मला सांगितलं, तिच्यावर रागावू नकोस. तुझा राग कुठून येतो ते मला कळतं. तू लग्न होऊन आलीस ती थेट आजीच्या खानावळीत, त्या चाळीतल्या खोलीत. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचे. पहिल्या पाळीच्या लोकांची न्याहारी, मग दुपारचे डबे, मग रात्रपाळीवाल्यांचं जेवण. खोलीत बसून जेवणारे वेगळेच. तुझं डी.एड. राहिलं ते तिथे. आजीने तुला कधी "पुरे, बस जरा" म्हटलं नाही, हेही मी ऐकलेलं आहे, तुझ्याकडून नाही, बाबांकडून. तेव्हा ही खानावळ म्हणजे काहीतरी रम्य होतं असं मी तुला सांगणार नाही.

पण आई, मी ती खोली पाहिलीच नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर, आणि वर्ष सरायच्या आत आजीचे निम्मे जेवणारे गावी निघून गेले. मी जन्मले तेव्हा आपण कुडाळात होतो. माझ्या वाट्याला आली ती माळ्यावरची मोठी पातेली, आजीची उधारीची वही आणि तिच्या गोष्टी. कुणाला मुळा चालत नसे. कोण सोमवारी जेवत नसे आणि मंगळवारी दोघांचं जेवे. पगार झाला की कोण आधी घरी मनीऑर्डर करी आणि मग आजीकडे येई. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा या खानावळवाल्या बायकांना पहिल्यांदा सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळू लागलं. आजीने त्या कर्जातून घेतलेलं पितळी पातेलं आपण अजून गणपतीत बाहेर काढतो. बँकेच्या साहेबासमोर सही करताना हात कसा थरथरला ते ती दर वेळी नव्याने सांगायची. मला तर त्या सहीचंच अप्रूप होतं.

तिसरीत बाईंनी विचारलं होतं, मोठेपणी कोण होणार? सगळ्यांनी डॉक्टर, पोलीस, एसटीचा कंडक्टर लिहिलं. मी लिहिलं, खानावळवाली. तू ती वही घेतलीस, पान फाडलंस आणि माझ्याकडून 'डॉक्टर' लिहून घेतलंस. मला राग आला नव्हता, फक्त डॉक्टरला जेवण कोण देतं एवढाच प्रश्न पडला होता. नंतर मीही ते विसरले. मायक्रोबायोलॉजी घेतलं, मंदारशी लग्न झालं, इकडे आले, ईराच्या शाळेत अर्धवेळ नोकरी केली. हे सगळं तुला माहीत आहे, पुन्हा लिहीत नाही.

आता शिक्षण वाया गेलं या मुद्द्याकडे येते, कारण तो मला झोंबला.

इथे घरच्या स्वयंपाकघरातून अन्न विकायचं तर निदान २८ दिवस आधी नगरपालिकेत नोंदणी करावी लागते. फुकट असते, आणि नाकारत नाहीत. मी केली. मग त्यांचा माणूस येऊन ओटा, फ्रीज, नळ, वह्या सगळं पाहतो आणि ० ते ५ मध्ये गुण देतो. ते गुण कुणालाही इंटरनेटवर दिसतात. लालबागेत अशी तपासणी झाली असती तर आजीने त्याला आधी जेवायला बसवलं असतं! फ्रीज ८ अंशांच्या आत हवा (मी ५ वर ठेवते), गरम ठेवलेलं अन्न ६३ च्या वर. आणि भात. बाबा, हे तुम्ही आईला नीट वाचून दाखवा. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात ओट्यावर तसाच राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात, ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात शिजला की तासाभरात गार करून फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचाच. सकाळच्या फोडणीसाठी भात रात्रभर टोपाखाली झाकून ठेवायची आपल्या घरची रीत या देशात बसत नाही. मी ज्याच्यावर प्रॅक्टिकलला गुण मिळवले तोच जिवाणू इथे माझ्या ओट्याचा मालक आहे. शिक्षण वाया कसं गेलं ते आता सांग.

दुसरी गंमत ॲलर्जीची. इथल्या कायद्यात चौदा गोष्टींची यादी आहे. त्यांतली एकही पदार्थात असली तर गिऱ्हाइकाला सांगावंच लागतं. २०१६ मध्ये नताशा नावाची पंधरा वर्षांची मुलगी विकतच्या पावातल्या तिळांमुळे गेली. वेष्टनावर तीळ लिहिलेले नव्हते. तिच्या आईवडिलांनी लावून धरलं, आणि ऑक्टोबर २०२१ पासून आधीच बांधून ठेवलेल्या अन्नावर सगळे घटक छापणं सक्तीचं झालं. मी यादी घेऊन बसले आणि आपला रोजचा स्वयंपाक डोळ्यांपुढे आणला. तीळ आहेत. शेंगदाणे आहेत. दूध, गहू, काजू, मासे, कोळंबी, सगळं आहे. आणि मोहरी! म्हणजे फोडणी दिली की लेबल आलं. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं असतं, ते मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. आता तांदळाच्या पिठातला हिंग आणला आहे. नारळ मात्र त्या यादीत नाही. आपली लाज राखली.

जेवणारे कोण, हे तू विचारलं नाहीस, पण विचारणार. इथे दोन विद्यापीठं आहेत. दोन्हीकडे आपली पोरं आहेत, सांगली, नाशिक, नांदेड, अकोला. एका खोलीत चौघं राहतात आणि इन्स्टंट नूडल्स खातात. हॉस्पिटलात काम करणाऱ्या आपल्या नर्स आहेत, त्यांच्या पाळ्या ऐकून मला गिरण्यांचे भोंगेच आठवतात, न ऐकलेले. आठवड्यातून दोन दिवस, बारा डबे, त्याहून जास्त नाही. भात, आमटी, एक सुकी भाजी, एक उसळ, चपात्या, कोशिंबीर. डब्याचे सात पौंड. विद्यार्थ्यांना थोडं कमी करेन, पण ते तुला आत्ता सांगत नाही, कारण तू लगेच "म्हणूनच धंदा बुडतो" म्हणशील.

माशाचा डबा महिन्यातून एकदाच. लेस्टर इंग्लंडच्या बरोबर मध्यावर, समुद्र सगळ्या बाजूंनी लांब. पण बांगडा मिळतो, ताजा आणि स्वस्त, कारण इथल्या लोकांना कॉड आणि हॅडॉकपुढे काही दिसत नाही. हा बांगडा आपला नव्हे. लांबट असतो, पाठीवर नागमोडी काळे पट्टे, आणि चरबी खूप. पहिल्यांदा तुझ्या मापाने तिखलं केलं तर वर बोटभर तेल तरंगलं. आता तेलाचा थेंबही घालत नाही, त्याच्याच चरबीत शिजतो. कोकम दोन जास्त आणि तिरफळं ठेचून शेवटी. आजीला आवडलं असतं की नाही सांगता येत नाही, कारण ती मालवणबाहेरच्या माशाला मासा मानतच नव्हती. मंदार म्हणतो, आपल्यापेक्षा बरा लागतो. घाटावरच्यांचं काय ऐकायचं!

माशाच्या दिवशी मी शेजारच्या गुजराती बांना आदल्या दिवशी सांगते, मग त्या खिडक्या लावून घेतात आणि दुपारी मुलीकडे जातात. त्या युगांडातल्या कंपालाच्या. १९७२ मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांत देश सोडायला लावला तेव्हा कुटुंबाबरोबर आल्या. लेस्टरच्या नगरपालिकेने तेव्हा युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या शहरात येऊ नका, इथे जागा नाही. ती जाहिरात वाचूनच बऱ्याच जणांना लेस्टरचं नाव कळलं, असं बा हसत सांगतात. आज बेलग्रेव्ह रोडवर टोकापासून टोकापर्यंत साड्या, सोनं आणि फरसाण आहे. बांनी होजियरीच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलं आणि रात्री थेपले लाटून सकाळी बरोबरच्या बायकांना विकले. ते कारखानेही आता बंद झाले. मी त्यांना लालबागचं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "उधारी किती बुडाली?"

तोच प्रश्न मलाही आहे. आजीचं "आदी जेव, मगे हिशेब" मला प्रिय आहे, पण संपात तिची जी उधारी बुडाली त्यानंच आपण कुडाळला आलो. मी महिन्याचे पैसे आगाऊ घेणार. कुणाला खरंच अडचण असेल तर बघू, पण वही नाही ठेवणार.

पैशांचं आणखी थोडं, बाबांसाठी. मंदार ज्या व्हिसावर आहे त्यात त्याला स्वतःचा धंदा करता येत नाही, पण त्याच्यावर अवलंबून असलेल्या बायकोला येतो. कागदावर मी अवलंबून आणि दुकान माझं. वर्षाला धंद्याची पहिल्या १,००० पौंडांची आवक करमुक्त, पुढची सरकारला कळवायची. इथलं आर्थिक वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. मी त्यानंतर सुरुवात करणार, म्हणजे सगळ्या चाचपण्या जुन्या वर्षात आणि खरा हिशेब नव्यात. घरमालकाची परवानगी लेखी घेतली आहे, विमाही घेतला आहे. शाळेतली नोकरी सोडलेली नाही. ती डिसेंबरपर्यंत ठेवणार आणि तेव्हा ठरवणार. चाललं तर पुढच्या वर्षी चर्चच्या सभागृहातलं मोठं स्वयंपाकघर तासावर भाड्याने घ्यायचं आहे आणि एक बाई मदतीला, पगार देऊन. सुनेला नव्हे. ईराला तर मुळीच नाही. तिला सध्या अग्निशमन दलात जायचं आहे, आणि तिच्या वहीतलं पान कोणी फाडणार नाही.

ते वाक्य टोचेल तुला. टोचू दे थोडं.

तुम्ही मे महिन्यात येणार ते नक्की ना? आई, तू आलीस की ओट्याला हात लावायचा नाही. खुर्चीत बसायचं, डबा उघडायचा, जेवायचं आणि मीठ कमी असेल तर सांगायचं. तुला कुणी आयतं वाढलेलं मी फार पाहिलेलं नाही. भाकरी नीट जमली नाही तर मात्र बोलायचं नाही, कारण तुझ्यासारखी ती कुणालाच जमत नाही आणि ते मला ठाऊक आहे.

सामानात आणायचं ते लिहिते. मसाला तू करशील तेवढा, पण मिरच्या संकेश्वरी आणि बेडगी अर्ध्या-अर्ध्या, नुसती बेडगी नको, रंग येतो पण झणका येत नाही. तिरफळं अर्धा किलो, इथे गुजराती दुकानात कोकम मिळतं पण तिरफळ मागितलं की ते आपल्याकडे बघत राहतात. कुळथाचं पीठ. सुके बोंबील चालतात, मासे माणशी वीस किलोपर्यंत आणता येतात, पण कृपा करून डबा टेपने बंद करा, मागच्या वेळी काकांच्या बॅगेनं अख्खी टॅक्सी घमघमली होती. तूप, पेढे, खरवस, काही नको. भारतातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात आणि मग तू दिवसभर हळहळत बसशील.

बाबा, आजीच्या वहीच्या शेवटच्या पानांवर पन्नास माणसांच्या आमटीचं आणि मसाल्याचं माप आहे. उधारीची पानं राहू देत, त्या पानांचा फोटो काढून पाठवा. दादाला सांगा, पान सपाट धरून काढ, मागच्या वेळी त्यानं पाठवलेल्या फोटोत अर्धं माप त्याच्या अंगठ्याखाली होतं.

वहिनीला नमस्कार, छोट्याला पापा.

तुमची,
सुमा