रॅप कला हाये, पण तू सांगितलं त्या कारणानं नाही

चि. बाबू, अनेक आशीर्वाद.

मोठ्या बाबाले तू जे उत्तर देलं ते मले पटलं नाही, हे आधीच सांगते. रॅप कला हाये हे पटते, शंभर टक्के पटते, पण तू जे कारण सांगितलं ते कच्चं हाये, अन् त्या कच्च्या कारणावर तू इतक्या जोरात भांडला की खरं कारण बोलायचं राहूनच गेलं. फोनवर सांगणार होती पण फोनवर तू मधातच तोडतो, म्हणून लिहून राह्यली. क्लास सुटल्यावर सावकाश वाच.

मोठे बाबा म्हणले, ना सूर ना चाल, निसती बडबड, याले गाणं कोण म्हणन. तू म्हणला रॅप गरिबाचा आवाज हाये, अन्यायाच्या विरोधात हाये, म्हणून कला हाये. मंग 2018 ले केंड्रिक लामार या अमेरिकेतल्या रॅपरच्या अल्बमले पुलित्झर, तिकडचं मोठं बक्षीस, भेटलं ते सांगितलं. आता पाह्य, गरिबाचा आवाज तं तहसीलमधल्या अर्जातबी असते. पीक विम्याचे पैसे नाही आले म्हणून आपण अर्ज लिहितो, त्यातलं दुःख शंभर टक्के खरं असते, पण त्याले कोणी कला म्हणत नाही, म्हणायची गरजबी नाही. दुःख खरं असलं म्हणजे त्याच्यावरचं गाणं चांगलंच झालं असं होत नाही बाबू. अन् पुलित्झरचं म्हणशील तं, शास्त्रीय अन् जॅझ सोडून दुसऱ्या संगीताले ते बक्षीस पहिल्यांदाच भेटलं, हे मोठंच हाये. पण बक्षीस देणाऱ्यांनी त्या अल्बममधे काय ऐकलं, ते तू मोठ्या बाबाले सांगाले पाहिजे होतं. निसतं नाव सांगून त्याहिले काय समजन, त्याहिनं कुठं ऐकलं हाये ते.

तूच मले मागच्या उन्हाळ्यात दाखवलं होतं ना, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हिप-हॉप, ज्यातून रॅप आलं, ते कसं जन्मलं ते. 11 ऑगस्ट 1973, सेजविक अव्हेन्यूवरची 1520 नंबरची बिल्डिंग, बहिणीनं ठेवलेली पार्टी अन् गाणे लावाले भाऊ, डीजे कूल हर्क, जमैकातून आलेला पोरगा. त्या वस्तीतून मोठा हायवे काढला होता, लोकाहिचे घरं गेले, नंतर बिल्डिंगा जळत राह्यल्या, हे सगळं खरं हाये अन् ते सांगाले पाहिजेच. पण गरिबी तं जगात लय ठिकाणी होती, हायवे बी लय ठिकाणी निघाले, तिथं तिथं हिप-हॉप नाही जन्मलं. जन्मलं तिथं, जिथं एका पोराचा कान तयार होता. त्यानं काय केलं? त्याले दिसलं की गाण्यात एक जागा अशी येते जिथं गाणारा थांबते अन् निसता ठेका उरते, अन् नाचणारे पोरं त्याच जागेची वाट पाहून राह्यले. मंग त्यानं एकच रेकॉर्ड दोन मशिनींवर लावली, इकडचा ठेका संपला की तिकडचा सुरू, तिकडचा संपेपर्यंत इकडची सुई मागं. काही सेकंदाची जागा त्यानं पाहिजे तितकी लांब केली. हे ज्याले ताल समजते त्यालेच सुचन. मी इतके वर्ष भजन मंडळात खंजेरी वाजवते, मले त्या गोष्टीतलं सगळ्यात जास्त हेच आवडलं, गरिबीचं नंतर.

आता मोठ्या बाबाच्या "ना सूर ना चाल" वर येते. तुले तिथल्या तिथं उत्तर होतं अन् ते तुह्या समोरच बसलं होतं. अरे, पोळ्याले तोरणाखाली झडत्या, ते यमकाचे बोल, कोण म्हणते? गावात त्याहिच्यापेक्षा चांगली झडती कोणाची हाये? जोड्या उभ्या राह्यल्या, झुली टाकल्या, बाशिंगं बांधले, वरतं आंब्याच्या पानाचं तोरण, अन् मोठे बाबा पुढं येऊन हात वर करतात तवा सगळं गाव चिपचाप होते. पेटी नाही, तबला नाही, सूर तं नाहीच नाही. खणखणीत बोलणं, पण ठेक्यात. ते जुनं नाही का, आभाय गडगडे, शिंग फडफडे, मंग खडे, मंग वडे, मंग पेढे, एकावर एक "डे" येऊन राह्यला, ऐकणाऱ्याले पुढचा कुठं पडणार ते माहीत असते तरी मजा येते. शेवटी एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव, अन् ते पूर्ण गाव म्हणते. एकानं झडती टाकली की दुसरा उठते, पहिल्यापेक्षा वरचढ टाकते, समोरच्याची जोडी, त्याचा भाव, त्याचा गर्व, सगळं उचलून हाणते. कापसाच्या भावावर झडती, बँकेच्या कर्जावर झडती, मतं मागाले येणाऱ्यावर झडती. तुह्या त्या रॅप बॅटलमधे यापेक्षा वेगळं काय होते मले सांग.

तू त्याहिले अमेरिका सांगत बसला, अन् त्याहिच्याच तोंडातली कला त्याहिले दाखवली नाही. ते झडतीले कला मानतात का विचारून पाहायचं होतं. नाही मानत म्हणले असते तं मी उठून भांडली असती त्याहिच्याशी.

अन् गाडगेबाबा. शेंडगावचा माणूस, आपल्याच भागातला. त्याहिच्या आवाजातलं कीर्तन यूट्यूबवर हाये, तू एकदा कानात हेडफोन टाकून नीट ऐक. गाणं किती हाये त्याच्यात? मधातून "गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला" चा गजर, बाकी पूर्ण बोलणं, वऱ्हाडी बोलणं. लोकाहिले प्रश्न विचारते, लोक उत्तर देतात, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न, वेग वाढते, मधातच थांबते, मंग एकदम गजर. कर्ज काढून सण करू नका, पोराले शिकवा, दारू पिऊ नका, हे तं शाळेच्या भिंतीवरबी लिहिलेलं असते, भिंतीवरचं कोणी वाचत नाही. बाबाचं लोक रातभर ऐकत बसत. फरक कुठं हाये? त्या थांबण्यात हाये, त्या वेगात हाये. तुकडोजी महाराजाचंबी तेच, 1942 ले इंग्रजाहिनं त्याहिले जेलात टाकलं, त्या काळी भाषणं देणारे लय होते, पण खंजेरीवरचं भजन पोराबायांच्या तोंडी बसलं कारण ते तोंडी बसन असंच बांधलेलं होतं. मी तुले हेच सांगून राह्यली, कला त्या बांधण्यात हाये.

रॅपचं बांधणं मले जितकं समजलं तितकं सांगते, चुकलं असन तं मोबाईलवर समजावून सांगजो. बीट चार-चारचा चालते, आपल्या केहरव्यासारखा आठात मोजला तरी बसते. आता भजन म्हणणाऱ्याले सोय असते, शब्द कमी पडले तं सूर लांबवते, आलाप घेते, जागा भरून निघते. रॅप म्हणणाऱ्याजवळ ती सोयच नाही. त्याले ती जागा अक्षरानंच भरा लागते, अन् कुठं मुद्दाम रिकामी ठेवा लागते. समेच्या, म्हणजे पहिल्या ठोक्याच्या, थोडं आधी शब्द टाकला तं घाई वाटते, थोडा मागून टाकला तं माणूस आरामात बोलून राह्यला असं वाटते. तो अमेरिकेतला रॅपर राकिम, 1987 चा, तू ऐकवला होता, तो सॅक्सोफोन वाजवणारा पोरगा होता हे तू सांगितलं तवाच माह्या ध्यानात आलं की याचे यमक ओळीच्या शेवटी न बसता मधात मधात कावून येतात. त्याची इंग्रजी मले समजली नाही, पण टाळी देऊन पाहिली तं दिसलं की हा ठेका चुकवत नाही, ठेक्याशी खेळून राह्यला. भजन स्पर्धेत परीक्षक सूर, ताल, शब्दोच्चार पाह्यतात. त्यातला सूर काढून टाका अन् ताल अन् शब्दोच्चार दुप्पट कडक करा, हे रॅप झालं. सूर नाही म्हणून ते सोपं नाही, सूर नाही म्हणून ते जास्त अवघड हाये.

दुसऱ्याचं म्युझिक उचलतात म्हणून मोठे बाबा बोलले, त्यावर जास्त नाही लिहीत. आमच्या मंडळातले अर्धे भजनं सिनेमाच्या चालीवर हायेत, गावातले भीमगीतंबी तसेच, अन् म्हणणारा दमदार असला तं मूळ गाणं कोणाले आठवतबी नाही. फक्त एक, ज्याचं घेतलं त्याचं नाव घ्यावं, पैसे कमावले तं त्याले द्यावे. अमेरिकेत 1991 ले कोर्टानं तसा निकाल देला, तवापासून परवानगी घ्या लागते, अन् ते बरोबर हाये.

पण एका जागी मी तुह्या बाजूनं नाही, मोठ्या बाबाच्या बाजूनं हाये, अन् तिथं मी हलणार नाही. ते शिव्यांचं. तू म्हणला, आई, गाण्यात बोलणारा तं एक कॅरेक्टर असते, ते वस्तीतलं खरं बोलणं असते. ठीक हाये, वस्तीत माणूस शिव्या देते, गाण्यात आल्या एखाद दोन तं मी कान झाकत नाही. पण बाईचं नाव काढल्याशिवाय ज्याले जोरच येत नाही, त्याच्याजवळ शब्द कमी हायेत असं मी समजते. झडतीतबी हे हाये, समोरच्याची माय काढल्याशिवाय काहीकाहिले पुढं जाताच येत नाही, अन् आम्ही बाया दुरून ऐकतो, आम्हाले तोरणाखाली उभं राहून उत्तर द्याले जागाच नाही. रॅपमधे निदान ती जागा होती. क्वीन लतीफा या रॅपर बाईनं 1993 ले या शिव्या देणाऱ्या पोरांलेच रॅपमधून विचारलं की तू हे कोणाले म्हणून राह्यला, अन् त्या गाण्याले ग्रॅमी, अमेरिकेतलं संगीताचं मोठं बक्षीस, भेटलं. लॉरिन हिल, तीबी रॅपर बाईच, तिचा अल्बम 1999 च्या ग्रॅमीत वर्षाचा सगळ्यात चांगला अल्बम ठरला. ते ऐक, अन् तुह्या त्या दोस्ताले बी ऐकव जो प्रत्येक ओळीत माय-बहीण आणते. तुह्या बहिणीनं मले विचारलं, दादा असंच म्हणणार काय. मी म्हणली नाही म्हणणार.

आता तुह्या गाण्याचं. तू ग्रुपवर टाकलेले दोन्ही ऐकले मी, एकापेक्षा जास्त वेळा ऐकले.

पहिलं मले नाही आवडलं. "मेरी गली मेरा एरिया" म्हणून राह्यला तू. आपल्या घरासमोर गली कुठं हाये, रस्ता हाये, रस्त्यावर सोयाबीन वाळते. 2019 ले रॅपवरचा तो "गली बॉय" सिनेमा आला तवापासून सगळे पोरं मुंबईच्या पोरांसारखे बोलाले लागले. ते मुंबईचे रॅपर, डिव्हाइन अंधेरीचा हाये, नेझी कुर्ल्याचा हाये, त्याहिनं जे पाह्यलं ते त्याहिच्या बोलीत म्हटलं म्हणून ते दणकून बसलं. त्याहिची गली तुह्या तोंडात आली की तुहा आवाजबी बदलते, तू नाकातून बोलाले लागतो. मले तो आवाज माह्या पोराचा वाटलाच नाही.

दुसरं, कापसाचं, ते चांगलं हाये. लय चांगलं हाये. बाबाले ऐकवलं, त्याहिनं पुन्हा लाव म्हणले.

रातभर गाडी रांगेत उभी, झोपाले आसरा नाही
काटा झाला, माल गेला, हातात चुकारा नाही

हे ऐकलं अन् अंगावर काटा आला माह्या. गेल्या साली बाबासंगं तू गेलता, व्यापाऱ्यानं चुकाऱ्याले, म्हणजे मालाच्या पैशाले, उद्या ये, परवा ये केलं, ते सगळं त्या दोन ओळीत आलं, अन् "आसरा" ले "चुकारा" जोडला हे तुले सुचलं कसं? पण लगेच त्याच्या खाली तू लिहिलं की हृदयात दुःख, डोळ्यात अश्रू, जगणं झालं भार. बाबू, आपल्या घरात हृदयात दुःख असं कोण कवा म्हणलं? ते पुस्तकातलं हाये, अन् ते आलं की वरच्या दोन ओळीबी पातळ होतात. तू "द मेसेज" या रॅप गाण्याचा अर्थ सांगितला होता ना मले, 1982 चं ते, त्याच्यात सुरुवातीलेच फुटलेल्या काचा हायेत, समोरच्या खोलीत उंदीर, मागच्या खोलीत झुरळं. वस्तूच वस्तू. ऐकणाऱ्याले दुःख आपोआप समजते. तू बी त्या रातचं सांग ना, चहाच्या टपरीवर बाबानं एक चहा घेऊन दोघाहिनं पेला, ट्रॅक्टरवरचा कापूस दव पडून ओला होऊ नये म्हणून तू आपली चादर वरतं टाकली अन् सोता थंडीत बसला. हे तूच मले सांगितलं होतं. हे कुठं गेलं गाण्यातून?

मोठे बाबा पुन्हा वाद घालतील, घालू दे. पण पुढच्या वेळी गरिबाचा आवाज हाये असं सांगू नको, त्या दोन ओळी म्हणून दाखव, मोबाईल न लावता, निसत्या टाळीवर. झडती म्हणणाऱ्या माणसाले आसरा अन् चुकारा लगेच समजन.

अन् एक अजून. "चुकारा" म्हणताना तू ठोका "चु" वर पाडतो, म्हणून तो शब्द दबते. "का" वर पाड, मंग "नाही" साठी पुढं जागा भेटते. मी खंजेरीवर धरून पाह्यलं, बसते. तिसरी ओळ बदलली की निसता आवाज रेकॉर्ड करून पाठव, म्युझिक नको लावू. गुरुवारी मंडळ बसते, त्याच्या आधी पाठवजो.

तुही आई