मराठी नावांची रुंदी नीट मोजा

संपादक महोदय,

आमच्या पतसंस्थेच्या सभासदांच्या आणि थकबाकीच्या याद्या मी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये करते. नाव, गाव, रक्कम असे रकाने स्पेस देऊन जुळवायचे आणि छापायचे. इंग्रजीत रकाने एका रेषेत उभे राहतात. मराठीत मात्र 'रमा'पुढची रक्कम एकीकडे, 'लक्ष्मीबाई'पुढची भलतीकडेच. अशा यादीवरून वाचताना ओळ चुकते आणि एकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर वाचली जाते. भर सभेत हे झाले की त्या माणसाला काय वाटत असेल!

सगळे फॉन्टला दोष देतात, पण घोळ मोजण्यात आहे. 'स्त्री' हे आपल्या दृष्टीने एकच अक्षर. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या संगणकात लिहायच्या प्रमाण पद्धतीत, ते ६ चिन्हांचे होते: स, त, र, दोन पायमोड आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवणपद्धतीत साठवले की १८ बाइट. पडद्याचे सारख्या रुंदीच्या घरांत भाग पाडून मजकूर मांडणारे बरेच प्रोग्राम पायमोडाला आणि उकाराला शून्य घरे देतात, पण काना-वेलांटीला एकेक घर देतात. म्हणून त्यांच्या हिशेबात 'कु' एका घराचा, 'कि' दोन घरांचा आणि 'स्त्री' चार घरांची. पडद्यावर ती प्रत्यक्षात किती जागा घेते, हे यातला एकही आकडा सांगत नाही. ते फॉन्टमधल्या जोडाक्षराच्या आकारावर ठरते.

'दऱ्या'ची गत आणखी वाईट. कोणी टिंबाचा ऱ टंकते, तर कोणी र, पायमोड आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण पहिल्यात ५ चिन्हे, दुसऱ्यात ६. शोधायला गेले की बऱ्याचदा एक लिहून दुसरे सापडत नाही.

नाव तोडण्याचा प्रकार तर मला सहनच होत नाही. आमच्या एका सभासदांच्या दाखल्यावर क्षीरसागर हे आडनाव जागा संपली म्हणून पहिल्या 'क्'वरच तोडलेले होते. पाय मोडलेला क आणि पुढे कोरा कागद! तो दाखला दुरुस्त करून घ्यायला त्यांना पुन्हा अर्ज करावा लागला.

यावर इलाज नाही असे नाही. ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या २९व्या आवृत्तीत मजकूर पडद्यावर किती पिक्सेल रुंद होईल हे थेट विचारायची सोय आहे. युनिकोडच्या १५.१ आवृत्तीने २०२३ मध्ये देवनागरी जोडाक्षर मधे न तोडता एकसंध धरण्याचा नियम घातला. तो पाळला असता, तर 'क्ष'चे दोन तुकडे झाले नसते.

१९६४ च्या कायद्याने मराठी ही महाराष्ट्र राज्याची राजभाषा झाली. म्हणून शासकीय कार्यालये, बँका आणि सहकारी संस्था यांना माझी विनंती आहे, की नवे सॉफ्टवेअर घेताना निविदेतच दोन अटी घाला: रकान्याची रुंदी प्रत्यक्ष दिसणाऱ्या मजकुरावरून मोजावी आणि नाव जोडाक्षराच्या मधे कधीही तोडू नये. बिल देण्याआधी स्त्री, दऱ्या, लक्ष्मीबाई, ज्ञानेश्वर, क्षीरसागर एवढे पाच शब्द टाकून यादी छापून घ्या, आणि रकाने हलले तर ते सॉफ्टवेअर परत पाठवा.

— पतसंस्थेतील एक लिपिक, कराड