चवळीला मोड आले, शेती अजून बाकी आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अंतराळातल्या शेतीवरचा लेख आवडला, पण ‘चवळी देणार अंतराळवीरांना प्राणवायू’ हा मथळा खटकला. ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० या रॉकेटबरोबर इस्रोने चवळीचे आठ दाणे वर पाठवले. चौथ्या दिवशी मोड आले, मग पानंही फुटली. कौतुक आहेच. पण मोड येणारं बी प्राणवायू देत नाही, घेतं. रामबागेत आमच्या गच्चीवर मी दर पावसाळ्यात चवळी लावते. रोप मातीतून वर येताना बियाची दोन जाड, अन्न साठवलेली दलं सोबत घेऊन येतं. पानं कामाला लागली की ती सुरकुतून गळतात. तोवर बियाचं सगळं घरून आणलेल्या डब्यावर चाललेलं असतं.

प्राणवायूपुरतं तर झाडांवाचूनही भागेल. नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या मॉक्सी यंत्राने मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून १६ खेपांत १२२ ग्रॅम प्राणवायू काढला. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे ही जेमतेम साडेतीन तासांची बेगमी. पण यंत्र मोठं करता येईल. भाजी मात्र यंत्रातून निघत नाही. आणि ती पिकवून खाल्ल्यावर उरलेली देठं, सालं, मलमूत्र, यांचं काय करायचं ते लेखात कुठेच नाही. मंगळावर कचरागाडी गाणं वाजवत येणार नाही!

हे इंदूरकरांनी नाही विचारायचं तर कोणी? इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथेच, होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर, काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर लावून, ते वरखाली करून तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. शेजारून रोज जाणाऱ्यांतल्या कितीजणांना हे ठाऊक असेल, देव जाणे.

पण बंद घरात खत करणंही सोपं नाही. अमेरिकेत ॲरिझोनात १९९१ साली आठ माणसं ‘बायोस्फिअर २’ या, आतच शेती करून जगायच्या काचबंद घरात दोन वर्षांसाठी राहायला गेली. शेतीची माती सेंद्रिय द्रव्याने इतकी भरलेली, की तिच्यातल्या जिवाणूंनीच प्राणवायू फस्त केला. त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळण्याऐवजी बराचसा काँक्रीटने शोषला. प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून १४ च्या आसपास उतरला आणि जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून सोडावा लागला.

मला याचं नवल वाटलं नाही. माझ्या गच्चीवरचा ढीग आठवडाभर हलवला नाही तर शेजारी नाक धरतात. पौषात पहाटे फावडं घातलं की आतून वाफ येते. नातू ओरडतो, ‘आजी, भाप निकल रही है!’ (घरात मराठी बोला म्हणून कितीही सांगा.) तो ढीगही श्वासच घेत असतो.

तेव्हा पुढच्या लेखात हॉवर्ड यांच्यावर चार ओळी याव्यात. आणि मथळा देणाऱ्यांनी मोड आलेली मटकी बरणीत भरून रात्रभर घट्ट झाकण लावून ठेवावी. सकाळी जळती काडी आत धरली की विझते.

— एक वाचक आजी, रामबाग, इंदूर