बर्फ ओळखेनासा झालाय

इकालुइट,
९ मार्च

प्रिय सुमे,

तुझा तिळगूळ काल हातात पडला. संक्रांत होऊन दोन महिने होत आले, पण मी दारातच डबा उघडला आणि उभ्या उभ्या दोन लाडू खाल्ले. मध्ये दोनदा वादळ झालं, विमानं उतरलीच नाहीत, म्हणून पार्सल कुठेतरी अडकून पडलं होतं. इथे यायला रस्ता नाही गं. कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या या नुनावुत प्रदेशात पंचवीस वस्त्या आहेत आणि त्यांना एकमेकींशी जोडणारा एकही रस्ता नाही. विमान, उन्हाळ्यात येणारी जहाजं आणि थंडीत गोठलेला समुद्र, एवढीच काय ती ये-जा. संध्याकाळी शेजारच्या आजीला तिळगूळ नेऊन दिला. तिने एक लाडू बराच वेळ तोंडात घोळवला आणि जाताना माझ्या हातात सुकवलेल्या माशाचा तुकडा ठेवला. या माशाला इकालुक म्हणतात. इकालुइट म्हणजे पुष्कळ मासे असलेली जागा, गावाचं नाव त्यावरूनच पडलंय.

जानेवारीत फोनवर तू विचारलं होतंस, "एवढं सगळं बिघडत चाललंय, खाणं महाग, पाण्याची बोंब, मग ही माणसं दक्षिणेला निघून का जात नाहीत?" तेवढ्यात फोन कट झाला, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. औषधाच्या दुकानात दिवसभर लोक भेटतात, बोलतात, तरी ते नीट लक्षात यायला मला इतकी वर्षं लागली. आज रविवार आहे, दुकान बंद आहे, तर लिहायला बसले.

आधी बर्फाचं सांगते, कारण बाकीचं सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं. आपल्याला बर्फ म्हणजे गोळ्याच्या गाडीवरचा. इथे समुद्राचा बर्फ हा रस्ता आहे, शेत आहे आणि कोठारही आहे. सील, मासे, वॉलरस सगळं त्याच्या वाटेने घरात येतं. समुद्र गोठला की माणसं मोकळी होतात, आणि तो नीट गोठला नाही की गावात अडकून पडतात. आजीचा मुलगा शिकारीला जातो. डिसेंबरात एकदा तो मला खाडीवर घेऊन गेला. त्याच्या हातात लोखंडी टोकाची लांब काठी होती. चार पावलं टाकायची, काठी आपटायची, कान द्यायचा. जाड बर्फाचा आवाज वेगळा, पातळ बर्फाचा वेगळा. काळपट दिसला तर पातळ, खाली पाणी जवळ आहे. नवा बर्फ खारट असतो, पायाखाली थोडा लवतो पण चटकन मोडत नाही, त्याचं भय तितकं नाही. खरं भय असतं ते पांढऱ्याशुभ्र, छान दिसणाऱ्या जागेचं. वर भुसभुशीत हिमाचा जाड थर लवकर पडला की तो गोधडीसारखं काम करतो, थंडी खाली पोचू देत नाही, आणि खालचा बर्फ पातळच राहतो. एका जागी तो थांबला आणि मला हाताने मागे सारलं. मला तिथे काहीच वेगळं दिसलं नव्हतं. त्याने काठी मारली, ती आरपार गेली आणि भोकातून काळं पाणी वर आलं.

या काठीवरचा आणि नजरेवरचा भरवसाच आता डळमळलाय. आजी मूळची उत्तरेकडच्या कांगिक्तुगापिकची. तिच्याकडून मी एक शब्द शिकले: उग्गियानाक्तुक. ओळखीचं माणूस अचानक अनोळख्यासारखं वागायला लागलं की हा शब्द वापरतात, आणि हल्ली तिकडचे म्हातारे तो हवामानासाठी वापरतात. वारा भलत्या दिशेने येतो, बर्फ उशिरा धरतो आणि लवकर सुटतो. मला लगेच तुझे आबा आठवले, मृगाच्या वेळी अंगणात उभे राहून आभाळाकडे बघणारे. शेवटच्या काही वर्षांत ते म्हणायचे ना, "आभाळ आता काही सांगेना"? शास्त्रज्ञ म्हणतात की १९७९ पासून आर्क्टिक साऱ्या पृथ्वीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलंय. आजीला हा आकडा ठाऊक नाही आणि त्याची तिला गरजही नाही. आपलं माणूस आपल्याशी असं का वागतंय, याचं दुःख तिला होतं.

आता खाण्याचं. इथल्या दुकानात सगळं मिळतं, पण ते विमानाने आलेलं. किमती बघून मी अजूनही द्राक्षांची पिशवी उचलते आणि परत ठेवते. सरकार वाहतुकीवर अनुदान देतं, तरीही २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत नुनावुतमधल्या ५७ टक्के घरांना पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. निम्म्याहून जास्त घरं, सुमे, आणि तीही कॅनडासारख्या देशात! त्यात आमच्या या बॅफिन बेटावरची कॅरिबू हरणं इतकी घटली की २०१५ च्या जानेवारीत शिकार पूर्ण बंद केली, मग पुढे वर्षाला २५० नरांपुरती उघडली. आजी म्हणते, हरणं जातात आणि येतात, हे तिच्या आजीनेही सांगून ठेवलंय. पण हरणं परत येईपर्यंत नातवंडांच्या ताटात काय वाढायचं?

सील. तिच्या घरी पहिल्यांदा सील खाल्ला तो दिवस मी विसरणार नाही. स्वयंपाकघराच्या फरशीवर पुठ्ठा पसरलेला, त्यावर सील, आणि आजूबाजूला सगळे मांडी घालून बसलेले. आजीच्या हातात उलू, म्हणजे अर्धगोल पात्याचं बायकांचं हत्यार. आपल्या विळीचं पातं हातात घ्यावं तसं ती ते फिरवत होती. कलेजीचे तुकडे कच्चेच, अजून कोमट, आधी म्हाताऱ्यांना, मग मुलांना. मलाही दिला. लोखंडासारखी चव होती आणि पाच मिनिटांत बोटं आतून गरम झाली. बाकीच्या मांसाचे वाटे झाले. एक वाटा कोपऱ्यावरच्या एकट्या बाईकडे, एक पाय मोडून घरी बसलेल्या कुणाकडे, एक दोन लहान मुलांच्या आईकडे. पैशाचं नाव कुणी काढलं नाही. ज्याने मारला त्याच्या घरी शेवटी किती उरलं ते मी मुद्दाम बघितलं. फार नव्हतं.

इथली माणसं बदलत्या दिवसांना तोंड कशी देतात, असं कुणी विचारलं तर मी आधी त्या पुठ्ठ्याबद्दल सांगेन. फ्रीजमध्ये साठवलेलं चार दिवस पुरतं, वाटलेलं परत फिरून येतं. ज्या आठवड्यात आजीच्या मुलाला काही मिळत नाही, त्या आठवड्यात दुसऱ्या कुणाचा तरी वाटा दारात येतो.

पण शिकारीला पैसा लागतो, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, पेट्रोल, गोळ्या, सुटे भाग, सगळं इथे जहाजाने किंवा विमानाने येतं. बर्फ पातळ झाला की वळसा घालावा लागतो, वळसा घातला की पेट्रोल जास्त जळतं. पूर्वी सीलचं कातडं विकून हा खर्च निघायचा. १९८३ मध्ये युरोपने सीलच्या पिल्लांच्या कातड्यावर बंदी आणली. इनुइट, म्हणजे इथले मूळचे लोक, ती पिल्लं मारत नव्हते, तरी सगळा बाजारच कोसळला. २००९ मध्ये बंदी आणखी वाढली. इनुइटांना त्यातून सूट होती, पण ती कागदावर. घेणाराच नाही तर त्या सवलतीचं काय करायचं? दूरच्या शहरांतल्या लोकांनी कळवळ्याने केलेल्या गोष्टीने इथल्या चुली थंड पडल्या, याचा मला खरंच राग येतो. २०२० पासून सरकार शिकाऱ्यांना थोडी मदत देऊ लागलंय. ते बरं झालं, पण फार उशिरा झालं.

तरुण पोरांचं काम बघून मात्र बरं वाटतं. दक्षिणेकडे लॅब्राडोरमध्ये नेन नावाचं गाव आहे. २००९-१० च्या हिवाळ्यात तिथे बर्फ धरलाच नाही धड, आणि त्यातून स्मार्टआइस नावाचं काम सुरू झालं. स्नोमोबाइलच्या मागे घसरगाडी बांधायची, तिला इथे कामुतिक म्हणतात, आणि तिच्यावर बर्फाची जाडी मोजणारं यंत्र. गावातलाच मुलगा ती ठरलेल्या वाटांवरून ओढत नेतो आणि त्यावरून नकाशे तयार होतात. काही ठिकाणी बर्फातच यंत्रं रोवून ठेवतात. आता उत्तरेकडच्या पाँड इन्लेटसारख्या वस्त्यांतही हे चालतं. कुठे मोजायचं हे गावातले म्हातारे ठरवतात, मला यातलं हेच आवडतं. काठी गेली आणि यंत्र आलं असं झालेलं नाही. आजीचा मुलगा नकाशा बघतो आणि काठीही नेतो. जोआ हेवन नावाच्या गावात तर कंटेनरमध्ये वारा आणि उन्हाच्या विजेवर भाजी पिकवतात. त्या ठिकाणाचं नाव नाउरविक, म्हणजे उगवायची जागा.

पाण्याचं तर तुला वेगळं काय सांगू! इथे बऱ्याच घरांना टँकरने पाणी येतं, माझ्याही. पहिल्यांदा टँकर दारात लागला तेव्हा मी लातूरची म्हणून मला जराही नवल वाटलं नाही. गावाला पाणी पुरवणारा तलाव भरतो पावसावर आणि वितळलेल्या बर्फावर, आणि तो कमी भरला की पंचाईत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली होती. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ च्या ऑक्टोबरात, नळाच्या पाण्यात इंधन उतरलं. मीही ग्लास तोंडाला लावला आणि रॉकेलसारखा वास आला. १२ ऑक्टोबरपासून १० डिसेंबरपर्यंत ते पाणी प्यायला बंदी होती. विमानांतून बाटल्या आल्या, नदीचं पाणी टँकरने आलं. रांगेत उभी असताना मला २०१६ चा एप्रिल आठवत होता. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि आपण दोघी ती बघायला स्टेशनवर गेलो होतो. तू तेव्हा रडली होतीस. इथे रांगेत माझ्या पुढच्या माणसाने आपल्या दोन खोक्यांतलं एक मागच्या म्हाताऱ्याच्या गाडीत ठेवलं आणि काही न बोलता निघून गेला.

आणि आता तुझा प्रश्न. निघून का जात नाहीत?

मी हे आजीला विचारायचं धाडस केलं. ती काही वेळ गप्प बसली, मग तिने मला एका गावाचं नाव सांगितलं: आउयुइत्तुक, जिथे कधी वितळत नाही ती जागा. नकाशावर ते ग्रीस फियॉर्ड म्हणून सापडेल, कॅनडातली सगळ्यात उत्तरेकडची नागरी वस्ती. १९५३ मध्ये सरकारने दूर दक्षिणेकडच्या इनुकजुआक गावातल्या कुटुंबांना बोटीत घालून तिकडे आणि रेझोल्यूट नावाच्या तशाच दूरच्या जागी नेऊन सोडलं, सुमारे दोन हजार किलोमीटर दूर. शिकार भरपूर आहे, आवडलं नाही तर दोन वर्षांनी परत आणू, असा शब्द दिला होता. तो पाळला नाही. तिथे थंडीत महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही, ओळखीचं जनावर नाही, ओळखीचा बर्फ नाही. माफी मागितली २०१० मध्ये. नंतरच्या काळात बॅफिनवरच्या लोकांना वस्त्यांत आणून बसवलं, त्यांची गाडी ओढणारी कुत्री मारली गेली. त्याची माफी २०१९ मध्ये. ती कुत्री पातळ बर्फावर पाय ठेवायला नकार द्यायची, आजीने सांगितलं. स्नोमोबाइलला ते कळत नाही.

मग ती म्हणाली, "आम्हाला हलवणारे नेहमी आमच्या भल्यासाठीच हलवतात." मला पुढे काही विचारवलं नाही.

सुमे, तूही राहिलीसच की. मी निघाले, तू विहीर खोल केलीस, ऊस सोडलास, तूर लावलीस. तेव्हा मी तुला दोनदा म्हटलं होतं, वीक आता ते शेत आणि पुण्याला ये. तू चिडली होतीस आणि महिनाभर बोलली नव्हतीस. मला तेव्हा कळलं नव्हतं तू का चिडलीस. आता कळतं. मनापासून माफी मागते.

पुढच्या शनिवारी आजीच्या घरची सगळी तळ्यावर मासे धरायला जाणार आहेत, मलाही बोलावलंय. आता दिवस मोठे झालेत, ऊन इतकं लखलखतं की काळा चष्मा नसला तर डोळे भाजतात. बर्फाला भोक पाडायचं काम या वेळी माझ्याकडे आहे. तुझा उरलेला तिळगूळ मी सोबत नेणार आहे, थर्मासमध्ये चहा, आणि सुपाएवढ्या पुठ्ठ्यावर बसून सगळ्यांना वाटणार आहे.

विहिरीला पाणी किती आहे ते लिही. हात मोजून लिही, "बरं आहे" असं नको. तुरीला काय भाव मिळाला तेही कळव. काकूंना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझीच,
मनी